सूचनेवरून वाजवलेली हलगी

“तात्या, एवढं सरळ सांगा. हा आवाज कुणाचा?”

सुमेधने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळी शिदूतात्या लोखंडे मान खाली घालून बकऱ्याच्या ओल्या कातड्यावरचे केस खरवडत राहिले होते. आता त्यांनी पातं बाजूला ठेवलं.

“पुन्यांदा लाव.”

सुमेधने मोबाइलवर गाणं पुन्हा लावलं. पुण्याच्या ईशान नावाच्या पोराचं रॅप होतं. खाली जडशीळ बेस, वर भराभर शब्द, आणि दर चौथ्या फेरीला सगळं एकदम बंद. क्षणभर काहीच नाही. मग त्या रिकाम्या जागेत हलगीच्या काठावर एकच घाव. कडाड... आणि त्यामागे बराच वेळ रेंगाळणारी बारीक झणझण.

तात्यांनी डोळे मिटून ऐकलं. मांडीवरचं त्यांचं बोट उचललं गेलं, हवेत थांबलं, पडलं.

“चांगलं हाय,” ते म्हणाले.

सुमेधने गाणं बंद केलं. पंचगंगेच्या काठावरच्या या गावात तो इचलकरंजीहून मोटारसायकल हाणत आला होता, तो हे ऐकायला नव्हे. आपलं गाणं तात्यांना पहिल्यांदा ऐकवलं होतं तेव्हा ते नुसतं “हूं” म्हणाले होते. ते “हूं” त्याने तीन वर्षं जपून ठेवलं होतं. आणि या चोराला “चांगलं हाय”.

“चोरलंय त्यानं,” तो म्हणाला. “माझ्या गाण्यातनं कापून घेतलंय.”

“कळलं की.”

“मग चांगलं काय त्यात?”

“चोरलेलं वाईट वाजतंय असं कुठं हाय?”

...

सुमेध बारावी झाल्यावर दोन वर्षं तात्यांच्या हाताखाली हलगी शिकला होता. मग पुण्याला जाऊन कॉम्प्युटरवर संगीत करायला शिकला, आणि इचलकरंजीला परतून ‘घाव’ या नावाने रॅपची गाणी करू लागला. तात्यांच्या हलगीचा तो एक आवाज हीच त्याची ओळख झाली. गाणं सुरू व्हायच्या आधी तो वाजला की जत्रेतली पोरं शिट्ट्या मारायची. नाव सांगायची गरजच पडत नसे.

ईशानने तो आवाज उचलला, एवढ्यावर सुमेध इतका पेटला नसता. या धंद्यात सगळेच एकमेकांचं उचलतात. जुन्या तबकड्यांवरचे ढोल, कुणाचं तरी हसणं, रेल्वेची शिट्टी, हे सगळं त्यानेही घेतलं होतं, कुणाला न विचारता.

पण ईशानने पुढची मजल मारली होती. ज्या कंपनीच्या अ‍ॅपवर सगळे आपली गाणी चढवतात, तिच्याकडे त्याने हा आवाज स्वतःच्या नावावर नोंदवला. कंपनीच्या यंत्राने दोन्ही गाणी पडताळून पाहिली आणि सुमेधला चोर ठरवलं. सोमवारी त्याचं गाणं नाहीसं झालं. तिथे एक ओळ उरली होती : दुसऱ्याच्या मालकीचा आवाज वापरल्यामुळे हे गाणे हटवण्यात आले आहे.

खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं, ते तो चार दिवस पुन्हा पुन्हा वाचत होता. भुरटा. नकलाकार. घाव कसला, खिसेकापू.

आज संध्याकाळी पाच वाजेपर्यंत त्याला पुरावा पाठवायचा होता. एक, हलगी वाजवणाऱ्याच्या सहीचा कागद. दोन, त्याच हलगीवर तोच आवाज वाजवून दाखवणारं चित्रीकरण. पाचनंतर प्रकरण बंद होणार होतं, आणि मग आयुष्यभर स्वतःचाच आवाज त्याला वापरता आला नसता.

हे सगळं त्याने तात्यांना सांगितलं.

आतून मामी, म्हणजे तात्यांची बायको, चहा घेऊन आल्या. त्यांनी कप त्याच्यापुढे ठेवला आणि त्याचा चेहरा बघून म्हणाल्या, “सुम्या, तुझं गाणं परवा वरातीच्या टेम्पोवर वाजलं. माझी कोंबडी दोन दिवस अंड्यावर बसली न्हाई.”

एरवी तो हसला असता. आज त्याने कपाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मामी, थट्टा नको. ही पुण्याची पोरं आपलं सगळं असंच घेऊन जातात. हलगी आपली, कातडं आपलं, हात आपले. हलगीवाला म्हणून दारात उभं करत नव्हते आपल्याला. आता आवाजाला भाव आला, तर आवाज तेवढा त्यांचा.”

“आपलं?” तात्यांनी विचारलं. “मघाधरनं तर ‘माझं’ म्हनत हुतास.”

...

सुमेधने पिशवीतून कागद काढला. वर इंग्रजी, खाली मराठी. एका ओळखीच्या वकिलाकडून त्याने तो करून आणला होता. त्याने पेन काढून कागदावर आडवं ठेवलं आणि सहीची जागा बोटाने दाखवली.

“वाच,” तात्या म्हणाले.

“नेहमीचंच आहे, तात्या. रीत म्हणून.”

“वाच की. मी चष्मा शोधू, का तू वाचतोस?”

त्याने वाचलं. भराभर वाचलं.

मी, शिदराम बाळू लोखंडे, व्यवसाय हलगीवादन, लिहून देतो की, सदर ध्वनीची कल्पना, रचना व मालकी संपूर्णपणे श्री. सुमेध आवळे यांची आहे. मी तो ध्वनी केवळ त्यांच्या सूचनेवरून वाजविला. त्यात माझे स्वतःचे काहीही नाही.

दारात मामी उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

“मधलं परत वाच.”

“मी तो ध्वनी केवळ त्यांच्या सूचनेवरून...”

“हूं.”

मग सुमेध बोलत सुटला. कंपनीच्या अर्जात एकाच नावाला जागा आहे. तात्यांचं नाव घातलं तर त्यांचा करार लागणार, त्यांची ओळखपत्रं लागणार, महिना जाणार, आणि तोवर ईशान त्या आवाजाचा कायमचा धनी होऊन बसणार. वकील म्हणाला, असंच लिहायचं असतं. गाणं परत आलं की सगळ्यांसमोर तात्यांचं नाव घेईन. मंचावर बोलवीन. मनात तसं काही नाही. तात्यांना ठाऊक आहेच.

तात्या ऐकत होते. निदान सुमेधला तसं वाटलं.

बोलता बोलता त्याला तो दिवस आठवत होता, आणि तो नेमका आत्ता आठवू नये असंही वाटत होतं. तीन वर्षांपूर्वी तो उसना माइक घेऊन याच अंगणात आला होता. तात्यांच्या कानावर त्याने हेडफोन चढवला होता. त्यात घड्याळासारखी टिकटिक चालू होती. तिच्याबरोबर सरळ वाजवा, त्याने सांगितलं होतं. मध्ये थांबू नका, मला कुठे फट नको.

तात्यांनी चार फेऱ्या वाजवल्या आणि हेडफोन काढून कट्ट्यावर आपटला. ही मढ्याची चाल हाय, म्हणाले. समोर कुणी नसताना मला वाजवता येत नाही, म्हणाले. मग मागच्या तालमीतले दोन पैलवान बोलावून त्यांनी अंगणातच त्यांची झोंबी लावून दिली. कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवण्यात उभी हयात गेलेला माणूस. त्यांची नजर पैलवानांवर आणि हात हलगीवर. एकाने दुसऱ्याचा पट काढून त्याला खाली दाबलं, दोघांचेही श्वास छातीत अडकले, तसा तात्यांचा हातही वरच्या वर अडकला. सुमेध माइकमागून हातवारे करत होता : थांबू नका, थांबू नका. तात्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. खालच्या पोराचा श्वास सुटला, तशी काडी काठावर पडली.

कडाड.

सगळं फुकट गेलं, असं तेव्हा सुमेधला वाटलं होतं. घरी जाऊन चौथ्यांदा ऐकल्यावर त्याच्या अंगावर काटा आला होता.

...

“आण,” तात्या म्हणाले.

त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि सावकाश, एकेक अक्षर दाबून सही केली. शिदराम बाळू लोखंडे. खाली तारीख घातली. कागद परत दिला.

सुमेधला सुटल्यासारखं वाटलं. इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. त्याने कागद घडी करून पिशवीत घातला आणि घड्याळ पाहिलं. चार वाजायला आले होते.

“आता काय करू?” तात्यांनी विचारलं.

“आता चित्रीकरण. हलगी घ्या.”

तात्या उठले, खुंटीवरची हलगी काढली आणि ती दोन्ही हातांत धरून अंगणात उभे राहिले. तसेच उभे राहिले.

“बसा ना.”

“कुठं बसू?”

“नेहमी बसता तिथं.”

“ती माजी जागा. तू जागा सांग.”

सुमेधने कट्टा दाखवला. तात्या बसले.

“तोंड कुठं करू?”

“इकडं.”

“जाड काठी कुठल्या हातात घिऊ?”

सुमेधने मान वर केली. तात्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. राग असला तर तोही वर दिसत नव्हता. एखादा नवा गडी मुकादमापुढे उभा राहावा, तसे ते त्याच्याकडे बघत होते.

“तात्या, माझ्याकडं वेळ नाही.”

“म्हनून तर इचारतोय. चुकाय नको.”

“उजव्या हातात.”

“आणि बारीक काडी?”

“डाव्या. तात्या...”

तात्यांनी काठ्या घेतल्या. उजवा हात हलगीवर नेला आणि तिथेच थांबवला.

“वाजवू?”

“वाजवा.”

त्यांनी एकदा वाजवलं. धप्प. कातडं गार होतं. दिवसभर खुंटीला लटकून सैल पडलेलं. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला.

“असं नाही, तापवावी लागेल,” सुमेध दात आवळून म्हणाला. हे त्याने सांगायला नकोच होतं. हलगी आधी जाळावर शेकायची, मगच वाजवायची, हे तात्यांनीच त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

“तापवू?”

“हो, तापवा. पाचट पेटवा, हलगी जाळावर धरा. आता हेसुद्धा मीच सांगू?”

तात्यांनी उसाचं पाचट ओढून आणलं, कोपऱ्यात रचलं, पेटवलं. जाळ सरसर वर आला. त्यांनी हलगी आडवी करून त्यावर धरली. एरवी ती ते सारखी फिरवत, जाळातून आत-बाहेर करत. आज नुसती धरली.

सुमेधने दगडाला टेकवून मोबाइल उभा केला. चौकट जुळवली. तात्यांच्या मोकळ्या हाताचं बोट सवयीनं कातड्यावर वाजत होतं, टक्, टक्... आणि टकटकीचा सूर हळूहळू चढत होता. सुमेधचा कान तयार होता. सूर किती चढायला हवा, हे त्याला झोपेतही कळलं असतं. अजून थोडा वर जायला हवा होता. अजून जरा...

तेवढ्यात मोबाइल थरथरला.

ईशानचा निरोप होता. बोललेला. सुमेधने कानाला लावला. मागे कुणीतरी हसत होतं. ईशान लाडीगोडीत म्हणत होता, भावा, एवढं मनाला लावून घेऊ नको. मी तर तुझा चाहताच आहे. प्रेरणा घेतली असं समज. आणि खरं सांगू का, तुझ्यापेक्षा माझ्या गाण्यात तो आवाज जास्त शोभतो, लोकच म्हणतायत.

चार दिवसांचं सगळं सुमेधच्या डोक्यात एकदम उसळलं. त्याने बटण दाबून धरलं आणि मोबाइल तोंडापुढे घेतला.

तो बोलू लागला. आधी शिव्या दिल्या, इचलकरंजीतल्या निवडक. मग म्हणाला, तू त्या आवाजाला हात लावलासच कसा. तुला ठाऊक आहे तो कुठून आला? मी आणला तो. तीन वर्षं मी त्याच्यावर घासलीयत. धूळ झाडली, कापला, घासून पुसून उभा केला, तेव्हा त्याला लोक ओळखायला लागले. त्याच्या आधी कोण विचारत होतं त्याला? गावात पडला होता तो.

टक्... टक्... मागे सूर चढला. बरोबर जागेवर आला. सुमेधच्या कानाने तो नेमका टिपला. आता, असं त्याच्या मनात कुणीतरी म्हणालंही.

पण वाक्य अर्धवट होतं. त्याने उजवा हात मागे नुसता हलवला, थांबा जरा अशा अर्थाने, की कसल्याच अर्थाने नाही, हे नंतर त्याचं त्यालाही सांगता आलं नाही. तो बोलत राहिला.

टक्... सूर त्या जागेच्या वर गेला.

मामी दारात आल्या. पदर नाकाला लावलेला. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. तात्यांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या उंबऱ्यावरच थांबल्या. सुमेधला हे डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. त्याचा अर्थ मात्र लागला नाही. तो भरात होता.

“तो आवाज माझा आहे,” तो मोबाइलमध्ये ओरडत होता. “ऐकलंस? मी केलाय तो. माझ्याशिवाय तो कुणालाही, कुणालाच...”

फाट्.

बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. मागच्या तालमीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

सुमेधचा अंगठा बटणावरून सुटला, मोबाइल धुळीत पडला. निरोप गेला. शिव्यांसकट, आणि शेवटच्या त्या आवाजासकट.

तो वळला.

हलगीचं कातडं मधोमध, या काठापासून त्या काठापर्यंत उललं होतं. फाटलेल्या कडा आत वळून काळ्या पडत होत्या. जळक्या कातड्याचा वास अंगणभर पसरला होता. आता कळलं, तो केव्हापासून पसरलेला होता. पाचटाचा जाळ कधीच बसला होता. खाली नुसते लाल निखारे आणि राख. आणि तात्या त्या निखाऱ्यांवर अजून लाकडाचं रिकामं कडं धरून होते. त्यांची बोटं लाल झाली होती.

आठ वर्षांचं ते कातडं होतं. त्याच्यात कसली तरी एक शीर होती, काठाच्या आत दोन बोटांवर, तिच्यामुळेच ती झणझण यायची. तात्या दरवर्षी नवी कातडी कमवत होते. तशी शीर पुन्हा एकदाही निघाली नव्हती. हे त्याने स्वतःच एका मुलाखतीत सांगितलं होतं. फुशारकीने सांगितलं होतं.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

“तात्या,” तो म्हणाला. आवाज कुजबुजीवर आला होता. “तुम्हाला वास आला नाही?”

“आला.”

“सूर वर गेला, ते कळलं नाही?”

“कळलं. तुलाबी कळलं.”

...

सुमेध खाली बसला. राग अजून पोटात होता, पण तो कुणावर काढायचा, हे ठरत नव्हतं. ईशानवर काढायचा तर मोबाइल तिकडे धुळीत पालथा पडला होता. त्याने तो उचलला नाही.

“तीस वर्षं तापवताय तुम्ही हलगी,” तो म्हणाला. “एकदाही फाटली नाही. सगळं दिसत होतं, हात तुमचा होता... मग काढली का नाही जाळावरनं?”

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं. कडं धरलेला हात त्यांनी अजूनही मागे घेतला नव्हता.

“तू सांगितलं न्हाईस.”